बरोबरीचा गडी

आमच्या गावच्या यात्रेत मी तेवीस वर्षं कुस्त्या जोडल्या आणि स्वतः एकही कुस्ती खेळलो नाही. हे ऐकलं की बाहेरगावचे लोक हसतात. एका पुण्याच्या पाहुण्यानं तर तोंडावरच विचारलं, "मग तुम्हाला त्यातलं कळतं काय?" मी म्हटलं, "लग्न जमवणाऱ्याला दर वेळी स्वतः बोहल्यावर चढावं लागतं का?" कुस्ती जोडायची म्हणजे कोणता पैलवान कोणाशी आणि किती रुपयांवर लढणार ते ठरवायचं. नावं पुकारायचं काम निवेदकाचं, निकाल द्यायचं काम पंचांचं, आणि जोड फसली तर शिव्या खायचं काम माझं.

हे काम माझ्या गळ्यात पडलं त्याचं कारण माझी जाणकारी नव्हती. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावात दोन मोठ्या भावक्या आहेत आणि दोघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नाही. ह्यांनी जोड्या लावल्या की त्यांचे पैलवान आपटायचे, त्यांनी लावल्या की ह्यांचे. एका वर्षी मैदानात खुर्च्यांची फेकाफेक झाली. दुसऱ्या दिवशी कमिटीची पाच-सहा माणसं शाळेत माझ्या वर्गाबाहेर येऊन उभी राहिली. मी भूगोल शिकवत होतो. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमी ना ह्यांचे, ना त्यांचे. तुमचा देव बी येगळा. तुमीच बसा."

आमचं घर आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि तरुणपणी तालमीत जायचे, तेवढीच माझी कुस्तीची शिदोरी. पैलवानाच्या छातीकडे बघू नको, मान, मनगट आणि पोटरी बघ, असं ते सांगायचे. बायको म्हणाली, "देवळाची पायरी चढत नाही आणि देवाच्या यात्रेचा मान घेऊन बसलाय." आमचे पाळकसाहेब पहिल्या वर्षी रविवारी याच विषयावर दहा मिनिटं बोलले. दुसऱ्या वर्षी ते मैदानाच्या कडेला उभे दिसले, आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी मला हळूच एक जोड सुचवली. जोड वाईट नव्हती.

आमच्याकडे या कुस्त्यांना हगामा म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, हगामा देवाच्या नावावर चालतो. तो चालतो देणगीदारांवर. वीटभट्टीवाला, दूध संकलन केंद्रवाला, पुण्यात टेम्पो चालवून बरे दिवस बघितलेले दोघे-तिघे, आणि निवडणूक जवळ आली की अचानक कुस्तीचं प्रेम उफाळून आलेले आणखी काही. प्रत्येकाचं इनाम एकेका कुस्तीला बांधलेलं असतं. वडिलांच्या स्मरणार्थ अकरा हजार दिलेल्या माणसाची एवढीच अपेक्षा असते की निदान दहा मिनिटं तरी लोकांच्या कानावर वडिलांचं नाव पडावं. कुस्ती अर्ध्या मिनिटात संपली की त्याचा चेहरा असा पडतो की वडील नुकतेच गेलेत असं वाटावं.

आणि ती लांबली तरी पंचाईतच. जिंकणाऱ्याला पूर्ण इनाम, हरणाऱ्याला गाडीभाडं आणि वर थोडंफार, आणि कुस्ती निकालाशिवाय सुटली तर दोघांना अर्धं-अर्धं, असा आमचा रिवाज आहे. दोन अगदी सारखे आणि डोक्यानं हुशार पैलवान समोरासमोर आले की त्यांना हा हिशेब माझ्याआधी कळतो. मग एकमेकांच्या मानेवर हात टाकून ते मैदानभर गोल फिरत राहतात. हलगीवाला दमतो, लोक पाण्याच्या बाटल्या फेकतात. म्हणून जोड अगदी सारखी लावायची नसते. एकोणीस-वीसचा फरक ठेवायचा, आणि आपण एकोणीस आहोत हे त्या एकोणिसाला माहीत नसावं. हे साधलं की कुस्ती सात-आठ मिनिटं चालते, निकाली होते, आणि हरलेला गडीसुद्धा पुढच्या वर्षी फोन करतो.

शेवटच्या मोठ्या कुस्तीचा मला कधी अभिमान वाटला नाही. तिथं बाहेरचा नावाजलेला पैलवान आणतात. जमलेल्या पैशातला अर्धा तोच नेतो, तोही आगाऊ ठरवून, आणि तो काही आमच्या गावात हरायला येत नाही. त्याला जोड म्हणणं मला पटत नाही, ती खरेदी आहे. माझं लक्ष मधल्या कुस्त्यांवर असायचं. पाच हजार, सात हजार, अकरा हजार. त्या खेळणाऱ्यांचं नाव तालुक्याबाहेर जात नाही, पण घर त्याच पैशावर चालतं. त्यांना बरोबरीचा गडी मिळाला तर हंगाम नीट जातो, न मिळाला तर हाडं मोडतात. हे मला कळत होतं, म्हणून या कामात मी कुणाची भीड ठेवली नाही. अध्यक्षांच्या पुतण्यालाही एकदा साध्या पाचशेच्या कुस्तीवर ठेवला होता. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मलाही तेवढीच शांतता मिळाली.

पूर्वी पैलवान मैदानातच उभे राहायचे, कपडे काढायचे, मी फेरी मारून दोघांना शेजारी उभं करायचो आणि तिथल्या तिथं जोड लागायची. आता फ्लेक्स छापायचा असतो. महिना-दीड महिना आधी फोटो मोबाईलवर येतात, जोड्या ठरतात, आणि देणगीदारांच्या मोठमोठ्या चेहऱ्यांखाली पैलवान बोटभर छापले जातात. एकदा छापलं की बदल नाही. फोटोत मान दिसते, दम दिसत नाही. दम कुठं आहे नि कुठं नाही, ते वस्तादांशी फोनवर बोलून काढून घ्यावं लागतं. वस्ताद म्हणजे पैलवानाचे गुरू. ते एकमेकांना थापा मारतील, मला सहसा मारायचे नाहीत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. यात्रेला दोन महिने होते. दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. भूगोलात इतका कच्चा की नकाशात जामखेड पश्चिमेला दाखवायचा, पण मातीत उतरला की त्याला सगळ्या दिशा कळायच्या. पंधरा-सोळा वर्षं हगामे खेळलेला. कान मोडलेले, वय पस्तिशीच्या घरात, दोन मुली. मोठं नाव त्याला कधी मिळालं नाही, पण त्याची कुस्ती लागली की लोक उठून जात नसत. गुडघ्यामुळे दोन वर्षं तो गावच्या मैदानात उतरला नव्हता आणि बाहेर बहुतेक हरत होता. चहा होईपर्यंत तो ओट्यावर पाय सोडून बसला आणि मग मुद्द्यावर आला.

"सर, कारखान्याच्या गेटावर पहारेकऱ्याची जागा हाय. सायेब म्हनले, यात्रा झाली की सांग. पगार बरा हाय. पर ती घेतली की कुस्ती सुटली."

"मग घे की. नाही कोण म्हणतंय?"

"घ्यायला हरकत न्हाई. पर अंगात कुस्ती शिल्लक हाय का न्हाई, त्येच कळंना. भाईर कोन बी कुनाशी बी लावतंय. कुटं हारलो तं का हारलो, ते बी समजत न्हाई. तुमी मला यंदा एक बरोबरीचा गडी द्या. हारलो तर दुसऱ्या दिशी गेटावर. जितलो तर आजून दोन-तीन हंगाम खेळीन. घराचं काम आर्धं राह्यलंय, तेवढं हुईल."

मी बघतो म्हटलं. तो उठला, फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "सोपा देऊ नगा, सर. तेवढं लक्षात असू द्या."

उठताना त्यानं गुडघ्यावर हात टेकला होता. उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक झालेली मी बघितली होती. उत्तर माझ्यासमोर उभं होतं. त्याला खरोखर बरोबरीचा गडी दिला असता तर तो हरला असता, पाच-सहा मिनिटांत, गावासमोर, मुलींसमोर. आणि दुसऱ्या दिवशी खाकी कपडे घालून गेटवर उभा राहिला असता. त्याला तेच हवं होतं. मला ते बघवणार नव्हतं, एवढंच.

आठवडाभरात जामखेडकडच्या एका वस्तादांचा फोन आला. त्यांचा पठ्ठ्या मला माहीत होता, खांद्यानं रुंद, बघताक्षणी छाप पडेल असा. वस्ताद म्हणाले, "सर, गडी दिसायला डोंगर हाय, पर कावीळ हून गेलीय त्याला. डाक्टर म्हनला खेळ, पर दम टिकना गेलाय. यंदा त्याला ल्हान जोड द्या. घरी बसला तर खचंल."

किती सरळ माणूस. असा फोन आला की मी त्या पैलवानाला तीन हजारांच्या खाली ठेवायचो आणि कुणाला कारण सांगायचो नाही. या वेळी मी म्हणालो, "माझ्याकडे एक वय झालेला गडी आहे, गुडघ्याचा. सांभाळून खेळेल. अकरा हजारांवर लावतो, हरला तरी तुमच्या पोराला बरे पैसे मिळतील." वस्तादांनी आभार मानले. दुपारी विद्यार्थ्याला फोन केला, "जामखेडचा गडी आहे. तुझ्या बरोबरीचा." दोन माणसांना दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही फोन नीट झाले. फ्लेक्ससाठी वस्तादांनी पठ्ठ्याचा आजारापूर्वीचा फोटो पाठवला होता. छापल्यावर दोघंही असे काही दिसत होते की अध्यक्ष म्हणाले, "सर, ह्याला म्हनत्यात जोड!" मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

हे मी फक्त बायकोला सांगितलं. तीही शिक्षिका, प्राथमिकची. तिनं निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "त्यानं तुमच्याकडे परीक्षा मागितली होती. तुम्ही कॉपी पुरवलीत." मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तुटक बोललो. बोल बरोबर जागी लागला की असंच होतं. पण फ्लेक्स छापला होता आणि वेशीवर लागलाही होता.

यात्रेचा दिवस. ऊन उतरायला लागलं तसं मैदान भरलं. माती ताकानं आणि तेलानं भिजवून मऊ केलेली, कडेला पाण्याचे टँकर, झाडांवरही माणसं. अकरा हजारांच्या कुस्तीला दोघं उतरले तेव्हा टाळ्या पडल्या, कारण दिसायला जोड खरंच देखणी होती. माती लावली, हात मिळवले, खडाखडी सुरू झाली. खडाखडी म्हणजे सुरुवातीची झटापट, मानेला मान, हाताला हात, समोरच्यात किती ताकद आहे त्याचा अंदाज घेणं. जामखेडच्या गड्यानं पहिला हिसका चांगला दिला. मिनिटभरात तो तोंडानं श्वास घ्यायला लागला. मला ते दिसलं, लोकांना नाही दिसलं. तिसऱ्या मिनिटाला माझ्या विद्यार्थ्यानं पट काढला, पाय ओढून त्याला खाली घेतला, घिस्सा डाव मारला आणि पाठ मातीला लावून चीत केला.

गावानं त्याला डोक्यावर घेतलं. देणगीदारानं स्वतः फेटा बांधला. धाकट्या मुलीला खांद्यावर बसवून त्याची मैदानाला फेरी झाली. तो माझ्यापाशी आला, मातीच्या हातांनी माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "सर, शिल्लक हाय!" मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू, खूप आनंद झाला होता. पलीकडे तो जामखेडचा पोरगा गुडघ्यांत डोकं घालून धापा टाकत होता आणि त्याचे वस्ताद त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. त्यांना वाटत होतं, मी उपकार केले.

दोन दिवसांनी दूध घालायला गेलो तेव्हा कळलं की माझ्या विद्यार्थ्यानं कारखान्याची जागा नको म्हणून कळवलं. ती दुसऱ्या कुणाला तरी गेलीही. आपण सरळ त्याच्या घरी जाऊन खरं काय ते सांगावं, असं माझ्या मनात आलं. केंद्रापासून त्याचं घर दोन शेतं पलीकडे होतं. मी किटली घेऊन घरी आलो आणि मूग गिळून बसलो. स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे कारणांची कमी नव्हती. कुणी सांगावं, खरंच शिल्लक असेल. जिंकण्यानं माणसाला बळ येतं. एवढ्या आनंदावर पाणी कशाला ओतायचं? वर्गात मुलांनी अशी उत्तरं दिली असती तर मी शून्य दिलं असतं.

त्या हंगामात तो सहा-सात मैदानं खेळला. एक-दोन सुटल्या, बाकी हरला. दिवाळीनंतर बीडच्या हद्दीवरच्या एका गावात कुणीतरी त्याला पंचविशीतल्या गड्याशी लावला. त्यानं याला उचलून टाकला आणि हा मानेवर पडला. नगरच्या दवाखान्यात महिनाभर होता. जीव वाचला, चालता-फिरता झाला, पण मानेतली नस दबल्यानं उजव्या हाताची मूठ वळत नाही. घरात दोन म्हशी आहेत. धारा आता बायको काढते, कारण त्याला सड धरता येत नाही.

पुढच्या यात्रेच्या तयारीला कमिटी आली तेव्हा मी डोळ्यांचं कारण सांगितलं आणि काम सोडलं. डोळ्यांना काही झालं नव्हतं. लोकांनी माझा सत्कार केला, शाल-नारळ दिला, तेवीस वर्षांत एकही वाकडी जोड नाही असं अध्यक्ष भाषणात म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता, पहिल्या रांगेत. डाव्या हातानं मांडीवर थापटी मारत होता.

त्या टाळीनंतर मला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याकडे गेलो. तो गोठ्याच्या सावलीत खाटेवर बसला होता. मला बघून उठायला लागला, मी बस म्हटलं. गुडघ्याची विचारपूस झाली, मुलींच्या शाळेचं झालं, आणि बोलायचं काहीच उरलं नाही. मग मी सगळं सांगितलं. वस्तादांचा फोन, कावीळ, तीन हजारांची कुस्ती अकरावर नेली ते, जुना फोटो, आणि त्याला खोटं बोललो ते. तू परीक्षा मागितलीस आणि मी कॉपी पुरवली, हे बायकोचं वाक्यही माझंच असल्यासारखं बोलून गेलो. म्हटलं, "तुला तेव्हा खरं सांगितलं असतं तर आज तू गेटवर असतास. हे माझ्यामुळे झालं."

तो ओरडेल, निदान बायकोला हाक मारून सांगेल, असं मला वाटलं होतं. तो खाली बघत होता. तसाच म्हणाला, "कावीळ व्हय. मला वाटलं, ताप असंल."

मला आधी समजलंच नाही. "म्हणजे?"

"सर, खडाखडीतच कळलं हुतं. मान धरली, तवा त्येच्यात जीवच नव्हता. पंधरा वर्सं मानंवर हात टाकतोय मी, न कळायला काय झालं? हात सांगत हुता, ह्यो बरोबरीचा न्हाई."

"मग जागा का सोडलीस?" माझा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्याच्यावर ओरडलो नव्हतो. "कळलं होतं तर का सोडलीस?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मी विचारतोय हेच त्याला नवल वाटत होतं.

"जोड तुमी लावलीती न, सर," तो म्हणाला. "मी म्हनलं, सर कशाला चुकत्याल? माझा हातच चुकत असंल."